सरूआत्याचं मत

आमच्या घराला फुलांचा वास यायचा नाही. हे सांगितलं की आजही कुणाला पटत नाही. लोकांना वाटतं, फुलं विकणाऱ्या माळ्याचं घर म्हणजे पहाटेपासून मोगरा दरवळत असणार. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या आमच्या घराला ओल्या गोणपाटाचा वास यायचा. शेवंतीच्या देठांचा हिरवट, कडू वास यायचा. आणि न खपलेल्या शिळ्या झेंडूचा यायचा; तो उकिरड्यावर टाकायच्या आधी माय एक दिवस टोपलीत ठेवून द्यायची, "सांजच्याले कोणी मागतला तं असू दे" म्हणून. फुलांचा खरा वास देवळात गेला, लग्नघरात गेला, मयतीच्या घरी गेला. आमच्याकडे मागे देठ उरले. पण आता अमरावतीच्या या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात कधी ओलं पोतं नाकाशी आलं, तर माझा हात आपोआप दोरा शोधायला लागतो.

वडलांना आम्ही भाऊ म्हणायचो. मोर्णा नदीच्या काठाला, शहर संपतं तिथं त्यांचा फुलांचा मळा होता, आणि जुन्या शहरातल्या देवळाच्या फाटकाजवळ बसायची जागा होती. जागा म्हणजे दुकान नव्हे. एक लाकडी पाट, वर ताडपत्री. अंधार असतानाच भाऊ सायकलवरून पोती घेऊन यायचे. पोतं जमिनीवर टाकल्याचा धप्प आवाज, मग पलीकडच्या मशिदीतली बांग, मग देवळातली घंटा, आणि मग आत्याचं खाकरणं, या क्रमानं आमची सकाळ व्हायची. माय चुलीपाशी, आणि आम्ही दोघी, आत्या आणि मी, माजघरात पाय पसरून हार ओवायला बसायचो. थोरली बहीण लग्न होऊन मूर्तिजापूरला गेली होती, तेव्हापासून तिची जागा माझी झाली होती.

आत्याचं नाव सरस्वती; सगळे सरू म्हणत. ती दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्याला बांधायची आणि बोलता बोलता फुलं गुंफत जायची. हाताकडे बघायची नाही. तिची बोटं बारा महिने पिवळी-हिरवी असायची, साबणानं न जाणारी. ती गोष्टी सांगायची त्या सगळ्या दुसऱ्यांच्या. कुणाची म्हैस कुठं व्याली, कोणत्या सुनेनं सासूला कसं उत्तर दिलं. स्वतःबद्दल एक शब्द नाही. तिच्याबद्दलचं जे मला ठाऊक होतं ते मायकडून कळलेलं. पंधराव्या वर्षी तिला दर्यापूरकडे दिलं होतं. नवऱ्यानं थोड्याच दिवसांत दुसरी बाई घरात आणली आणि आत्याला एका जीपमध्ये बसवून दिलं. जीपवाला तिला अकोल्याच्या स्टँडवर उतरवून गेला. तिथून ती पायी घरी आली, आणि आली ती आलीच. आजोबा तेव्हा होते. ते म्हणाले म्हणे, "राहू दे, एक भाकर जास्त लागन." त्यानंतर तिच्याविषयी घरात कुणी काही ठरवलं नाही, आणि तिला काही विचारलंही नाही.

दुपारी हार संपले की जेवण. ज्वारीची भाकर, जवसाची चटणी, आणि एखाद्या दिवशी गोळ्याची कढी. हरभऱ्याची डाळ भरडून केलेले ते गोळे कढीत फुटू न देणं हे मायचं कसब. आत्या आधी स्वतःच्या वाटीतला एक गोळा माझ्या ताटात टाकायची आणि मग जेवायला सुरुवात करायची. मी नको म्हटलं तर म्हणायची, "तुले पूल चढून जा लागते." मोर्णेवरचा पूल ओलांडून मी नव्या शहरातल्या कॉलेजात जायचे. त्या पुलाला असा काय चढ होता, देव जाणे. पण तिच्या लेखी कॉलेज म्हणजे चढणच होती.

एकोणनव्वद साली कॉलेजात राज्यशास्त्राच्या मॅडमनी आम्हाला सांगितलं की घटनेत दुरुस्ती झाली आहे, आता एकवीस वर्षं थांबायचं नाही, अठरा पूर्ण झाले की मत देता येईल. मी तेव्हा वीस वर्षांची होते. पुढं मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं, वर्षानुवर्षं शिकवलं. एकसष्टावी घटनादुरुस्ती पुस्तकात एका ओळीत यायची आणि मुलं ती एका गुणासाठी पाठ करायची. ती ओळ फळ्यावर लिहिताना मला दर वेळी आमचं माजघर दिसायचं. मॅडमनी वर्गातल्या प्रत्येक मुलीचं नाव मतदारयादीत घालून घेतलं, आणि मी घरी येऊन ती बातमी हार ओवता ओवता सांगितली.

आत्या हसली. म्हणाली, "अठरा वर्साच्या पोरीले अक्कल असते, हे सरकारले आता समजलं?"

 हार संपवून गाठ मारताना म्हणाली, "अठराव्या वर्सी माहं तं सारं होऊन गेलं होतं, शोभे. लगन बी झालं, सोडचिठ्ठी बी झाली. कायद्यानं म्या तवा लेकरूच होती म्हण न."

"तू मत देतेस का गं?" मी विचारलं. एका घरात राहून हे मला माहीत नव्हतं.

"माहं नाव दर्यापूरले हाय. त्या घरच्या लोकाईत." दोरा तोडून ती म्हणाली, "तिकडं माह्या नावानं कोन टाकत असन कोनाले ठाव."

दुसऱ्या दिवशी तिनं मला विचारलं, नाव इकडं आणता येतं का. आम्ही दोघी नगरपालिकेच्या शाळेत गेलो; मतदारयादीचं काम तिथंच चाललं होतं. तिथं बसलेल्या माणसानं नवऱ्याचं नाव विचारलं. आत्यानं वडलांचं सांगितलं. तो म्हणाला, लग्न झालेल्या बाईचं नवऱ्याचंच लागतं. आत्या म्हणाली, "ज्याच्या घरात राहते त्याचं लिवा. बापाचं घर हाय, बापाचं लिवा." मागे रांग होती, त्यानं लिहिलं. परत येताना तिनं रस्त्यावर थांबून मला आलूबोंडा घेऊन दिला. तिला बाहेर काही विकत घेऊन खाताना मी पहिल्यांदाच पाहत होते. ती कागदात उरलेला चुरासुद्धा बोटानं टिपून खात होती, आणि मला ती एकदम माझ्याच वयाची वाटली.

थंडी पडली आणि निवडणूक आली. आमच्या वार्डात एक पुढारी होते, सगळे त्यांना शेटजी म्हणत. देवळाच्या फाटकापाशी कुणी बसायचं, कुणी नाही, हे शेटजी ठरवत. भाऊंना जागा त्यांनीच दिली होती, म्हणून आमच्या घरची मतं ते सांगतील तिकडं जायची. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मायला तर नाहीच. ती म्हणायची, "मानूस भाकरीचं पायते, मी शिक्क्याचं काय पाहू?" मतदानाच्या आधी शेटजींचा माणूस, गजानन, ओट्यावर येऊन बसला. त्याच्याकडे यादी होती. चहा पिता पिता तो भाऊंना म्हणाला, "आत्याबाईचं नाव बी आलं न औंदा इकडं."

भाऊंना ते ठाऊक नव्हतं. त्यांनी आत बघितलं आणि म्हणाले, "आलं असन. पण ते कुठं बाहेर पडते? ते काई येत नाई."

गजानन मान हलवून गेला. भाऊंनी सहज म्हटलं होतं, आणि खरंही होतं. आत्या देवळातसुद्धा जायची नाही. सवाष्णींच्या घोळक्यात तिला कुठं उभं राहावं कळायचं नाही.

मतदानाच्या दिवशी आत्यानं पेटीतलं जांभळं लुगडं काढलं. मायनं विचारलं, "कुठं वं?" आत्या म्हणाली, "जिथं तुमी चालल्या तिथं." शाळेत बायकांची रांग लांब होती. बुरख्यातल्या बायका, आमच्या गल्लीतल्या, कडेवर लेकरं घेतलेल्या, आणि एका खुर्चीवर बसवून आणलेली एक म्हातारी. ऊन कोवळं होतं. आत्या पूर्ण वेळ माझा दंड धरून उभी होती. माझा नंबर आला. कागद घेतला, आडोशाला गेले, शिक्का मारला. मी कुणाला मत दिलं ते भाऊंना कधी सांगितलं नाही, आणि इथंही सांगत नाही. बाहेर येताना माझ्या बोटावरची शाई अजून ओली होती.

तेवढ्यात मागून टेबलावरच्या माणसाचा आवाज आला. "सरस्वतीबाई? तुमचं मत झालं आहे."

"कोनाचं?" आत्यानं विचारलं.

"तुमचंच. सकाळीच."

"म्या तं आत्ता आली."

खोलीत उमेदवारांची माणसं बाकावर बसली होती. त्यात गजानन होता. तो मायेनं बोलावं तसं बोलला, "आत्याबाई, सकाळी येऊन गेल्या न तुमी. इसरल्या असान. जा घरी, ऊन होऊन रायलं."

आत्यानं डावा हात पुढं केला. पिवळी-हिरवी बोटं सगळ्यांच्या समोर धरली. "शाई कुठं हाय मंग?"

 केंद्राचे मुख्य अधिकारी एका बाजूच्या टेबलाशी बसले होते. परगावचे कुणी हेडमास्तर असावेत. डोळे तारवटलेले, मफलर गुंडाळलेला. ते म्हणाले, "बाई, नोंद झाली आहे. आता माझ्या हातात काही नाही."

"बरं," आत्या म्हणाली, आणि भिंतीला पाठ लावून खाली बसली. "मंग म्या बसते इथं. तुमच्या हातात काई आलं की सांगा."

मागची रांग थांबली. माय दारातून खुणा करत होती, ऊठ म्हणून. मला मॅडमचं आठवलं. आपलं मत दुसऱ्यानं टाकलं तरी आपला हक्क संपत नाही, वेगळा कागद मागता येतो, असं त्या म्हणाल्या होत्या. मी अर्धवट शब्दांत साहेबांना ते विचारलं. माझा आवाज इतका बारीक निघाला की त्यांनी दोनदा "काय?" म्हटलं. मग त्यांनी समोरचं पुस्तक उघडलं, पानं चाळली, आणि चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "देता येतो. पण या बाई त्याच आहेत, याची मला खात्री पटली पाहिजे."

त्यांनी आत्याला समोर बसवलं आणि विचारत गेले. नाव. वडलांचं नाव. घर कुठं, दाराच्या कोणत्या बाजूला काय, शेजारी कोण, या घरात कधीपासून. आत्या एकेका प्रश्नाचं उत्तर देत होती, आणि हळूहळू तिचा आवाज मोकळा होत गेला. तिला कुणीतरी विचारत होतं, आणि उत्तर लक्ष देऊन ऐकत होतं.

"साहेब," गजानन उठून म्हणाला, "हे बाई दर्यापूरची हाय. तिकडं देल्ली होती. इथं पाव्हणी म्हनून राह्यते. नाव चुकून आलं."

पाव्हणी. आत्याचं तोंड त्या एका शब्दानं मिटलं. साहेबांनी विचारलं, घरचं कुणी मोठं माणूस आहे का. बाहेर पुरुषांच्या रांगेत भाऊ होते. कुणीतरी त्यांना आत आणलं. त्यांनी दारातच चपला काढल्या, देवळात काढतात तशा. काय झालं ते गजाननानंच सांगितलं, आणि शेवटी अगदी हळू म्हणाला, "भाऊ, सांगून द्या साहेबाले, आत्याबाई दर्यापूरच्या म्हनून. इषय मिटला. शेटजी बी बाहेरच हायेत."

भाऊंनी आत्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं नाही. खिडकीबाहेर शेटजींची पांढरी टोपी दिसत होती, तिकडं त्यांनी पाहिलं.  बाहेर एक लेकरू रडत होतं आणि कुणीतरी त्याला थोपटत होतं. मला वाटलं, भाऊ म्हणून टाकतील. त्यांना दोष देता आला नसता. घर त्या पाटावर चाललं होतं.

"ते माही बहीण हाय," भाऊ म्हणाले. "याच घरात जल्मली. चालाले म्या शिकवलं तिले. ते कोनाची पाव्हणी नाई, साहेब. आमचंच चुकलं, आमी तिले तसं ठेवलं."

मग ते वळले, चपला घातल्या आणि आपल्या रांगेत जाऊन उभे राहिले.

साहेबांनी आत्याला कागद दिला. ती आडोशाला गेली आणि खूप वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा कागदाची घडी तिनं मुठीत धरली होती. साहेबांनी ती पेटीत न टाकता एका पाकिटात ठेवली. आत्यानं विचारलं, "डब्यात नाई टाकाचं?"

"नाही. हे वेगळं ठेवायचं असतं."

"पण मोजान ना?"

ते खोटं बोलू शकले असते. म्हणाले, "मोजत नाहीत बाई. पुढं कोर्टात प्रश्न आला, तरच उघडतात."

आत्यानं पाकिटाकडे पाहिलं. "बरं," ती म्हणाली. "नीट ठेवा मंग."

निवडणूक शेटजींच्या उमेदवारानं जिंकली. संक्रांत यायच्या आत देवळाच्या फाटकापाशी भाऊंच्या जागी दुसऱ्याचा पाट लागला. भाऊ सायकलला टोपल्या बांधून गल्लोगल्ली फुलं विकायला लागले. फुलं उन्हात माना टाकायची आणि निम्मी परत यायची. माय कुणाचं नाव न घेता भांडी आपटायची. "पाकिटात ठेवाच्या मतापायी जागा गेली," असं ती एकदा म्हणाली, आणि मग पदर तोंडाला लावून बसली. भाऊ आत्याला एका शब्दानं बोलले नाहीत. रागानं नाही आणि मायेनंही नाही. बोलणंच बंद. तिनं पुढं केलेला पाण्याचा तांब्या ते घ्यायचे, आणि नजर दुसरीकडे. आत्या पूर्वीपेक्षा जास्त हार ओवायची. तिच्या गोष्टी थांबल्या. ते महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात लांब होते. तरी आज कुणी मला कोणते दिवस परत हवेत म्हणून विचारलं, तर मी तेही मागून घेईन. चार माणसं एका छताखाली होती, न बोलता का होईना, होती.

उन्हाळ्याच्या तोंडाला नांदगाव खंडेश्वरहून माझ्यासाठी स्थळ आलं. चांगलं होतं, ओलिताचं वावर, संत्र्याची झाडं, मुलगा एकुलता एक. त्यांना पोरगी पसंत पडली. मला पुढं अमरावतीला बी.एड. करायचं होतं, पण त्या घरात तेव्हा स्वतःचं काही मागावं असं वातावरण नव्हतं. मी गप्प राहिले. एका सकाळी भाऊ अंगणात सायकल उलटी करून साखळी बसवत होते. मी चहा दिला. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "त्या साहेबानं त्या दिशी सरूले किती इचारलं."

"हो," मी म्हणाले.

"आपल्या घरात तिले कोनी कायबी इचारलं नवतं. ना देतांनी, ना ते वापस आली तवा." साखळी निसटली. त्यांनी पुन्हा बसवली. "तुले काय पायजे? नांदगाव पायजे, का आनखी काई?"

मी सांगितलं. त्यांनी पायडल फिरवून चाक नीट चालतं का पाहिलं. "अमरावती काई लांब नाई," एवढंच म्हणाले. त्या आठवड्यात नांदगावला निरोप गेला.

जूनमध्ये आत्याच मला अमरावतीला पोचवायला आली. बसमध्ये खिडकीशी बसून ती बडनेरा येईपर्यंत बाहेर बघत होती. होस्टेलच्या खोलीत तिनं माझी गादी हातानं दाबून पाहिली, खिडकीची कडी लावून पाहिली, आणि बांधून आणलेली भाकर आम्ही दोघींनी पायरीवर बसून खाल्ली. ती रात्री राहिली नाही. भाऊंना सकाळी हाराला माणूस नको का, म्हणाली. अजूनही ते तिच्याशी बोलत नव्हते.

मी दिवाळीला घरी गेले. अकोल्याला स्टँडवर उतरून चालत निघाले, आणि मोर्णेच्या पुलाच्या अलीकडे, नव्या शहराच्या बाजूला, वर्दळीत एक हातगाडी दिसली. झेंडूचे ढीग, गुलछडीच्या जुड्या, आणि दांड्याला लोंबणारे हार. गाडीमागे स्टुलावर आत्या बसली होती. माजघर सोडून ती भर रस्त्यात येऊन बसली होती. दोरा पायाच्या अंगठ्याला, हात चालू. भाऊ गिऱ्हाईकाला फुलं मोजून देत होते. गिऱ्हाईक गेलं. भाऊ तिच्याकडे वळून काहीतरी म्हणाले. रिक्षांच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. आत्यानं हातातलं फूल त्यांच्या अंगावर फेकल्यासारखं केलं आणि हसली, तोंडावर पदर न घेता. भाऊही हसले. मग दोघं जोरजोरात काही बोलत राहिले, कदाचित झेंडूच्या भावाबद्दल, कदाचित मळ्याबद्दल, कदाचित ते दोघं लहान असतानाचं काही.

मी रस्त्याच्या अलीकडे बॅग खाली ठेवली. हाक मारली असती तर दोघं हातातलं काम टाकून उठली असती, माझ्याशी बोलायला लागली असती. मी हाक मारली नाही. मला ती दोघं अजून थोडा वेळ तशीच पाहिजे होती.